शेल्टरमधला मोठा कुत्रा घरी आणताना

शेल्टरमधून कुत्रा आणायचा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन महिन्यांचं पिल्लू येतं. घर फ्लॅटमधलं असेल आणि घरातले सगळे दिवसभर बाहेर असतील, तर आमचा सल्ला वेगळा आहे: दीड-दोन वर्षांचा गावठी कुत्रा बघा. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शी-शूला न्यावं लागतं. दात येताना ते चपलांपासून सोफ्यापर्यंत सगळं कुरतडतं. लशींचा कोर्स पुरा होईपर्यंत, म्हणजे साधारण १६ आठवड्यांचं होईपर्यंत, पार्वो या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची धास्ती असते. घरात आधी एखादं पिल्लू पार्वोने गेलं असेल, तर वर्षभर नवं पिल्लू आणूच नका. हा विषाणू फरशीच्या फटीत, पायपुसण्यात कित्येक महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलने मरत नाही. त्याला ब्लीचच लागतं: ३० भाग पाण्यात १ भाग, आणि पुसल्यावर १० मिनिटं ओलं ठेवायचं.

मोठ्या कुत्र्याची उंची, ताकद, स्वभाव सगळं समोर दिसतं. नसबंदीही बहुधा झालेली असते. रस्त्यावरच्या कुत्र्याची नसबंदी झाली की कानाच्या टोकाला खाच पाडतात, त्यावरून ओळखता येतं. मोठा कुत्रा माणसाळत नाही ही समजूत चुकीची आहे. त्याला वेळ लागतो, एवढंच.

शेल्टरला निदान दोन फेऱ्या मारा, त्याही वेगवेगळ्या वेळी. जाळीमागे उड्या मारून भुंकणारा कुत्रा बाहेर काढल्यावर अगदी निवांत निघू शकतो, आणि कोपऱ्यात गप्प बसलेला ‘शांत’ नसून भेदरलेला असू शकतो. म्हणून जाळीबाहेरूनच निवड करू नका. त्याला पट्ट्याने २० मिनिटं फिरवू द्या म्हणून सांगा. हातातलं खाणं घेतो का? घाबरलेला कुत्रा आवडीचा तुकडाही तोंडात घेत नाही. खांद्याला हात लावल्यावर अंगाशी येतो, की मान फिरवून ओठ चाटतो, डोळ्यांचे पांढरे दाखवतो? दुसऱ्या प्रकारचा कुत्रा वाईट नव्हे, पण लहान मुलांच्या घरासाठी नव्हे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही एका फेरीला न्या.

खरी माहिती रोज खायला घालणाऱ्या माणसाकडे असते. त्याला विचारा: खाताना जवळ गेलं तर गुरगुरतो का, मांजर दिसल्यावर काय करतो, आधी कुणी नेऊन परत आणला होता का आणि का, सध्या कुठलं औषध चालू आहे. लशींचं कार्ड मागा. त्यावर तारीख आणि लशीचं स्टिकर हवं. ‘रेबीज दिली’ एवढ्या तोंडी सांगण्यावर भागवू नका. कागदपत्रांचं काम सोपं असतं: ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दत्तक-करार. भाड्याच्या घरात राहत असाल तर मालकाची लेखी परवानगी घ्या. शेल्टरमधलं कुणी घर बघायला आलं तर राग मानू नका, बाल्कनीच्या गजांतून कुत्रा निसटेल का एवढंच ते बघत असतात.

आणायचा दिवस विचार करून ठरवा. दिवाळीच्या किंवा गणपतीच्या आधीचा आठवडा नको. फटाक्यांनी आणि ढोल-ताशांनी बिथरलेला नवा कुत्रा दारातून सुटला, तर त्याला घरचा रस्ता माहीत नसतो. पहिले तीन-चार दिवस घरात कुणीतरी सतत असावं. प्रवासाआधी तीन-चार तास खायला देऊ नका, गाडीत उलटी होते.

सगळ्यात जास्त घात होतो तो पट्ट्यामुळे. घाबरलेला कुत्रा पुढे ओढत नाही, मागे सरकतो, आणि सैल पट्टा कानांवरून सटकन निघतो. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटंच जायला हवीत. पहिला महिनाभर गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्ही घाला आणि दोन्हींना वेगळी दोरी लावा. गळपट्ट्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला शेल्टरमधून निघतानाच हवा. घराचं दार उघडण्याआधी कुत्रा दुसऱ्या खोलीत आहे ना, हे बघायची सवय सगळ्यांना लावा; कचरा न्यायला येणाऱ्याची बेल वाजली की हमखास हीच चूक होते.

घरी पोचल्यावर पाहुणे बोलावू नका. एक कोपरा द्या, तिथे जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरले की तो आणखी बिचकतो. लिफ्ट, कुकरची शिट्टी, मिक्सर यातलं काहीच त्याने पाहिलेलं नसतं. ओढून लिफ्टमध्ये नेऊ नका, दोन-चार दिवस जिना वापरा. पहिला दिवस न खाणं चालतं. पाणीच पीत नसेल किंवा दुसऱ्या दिवशीही अन्नाला तोंड लावलं नाही, तर डॉक्टर गाठा.

पहिल्या आठवड्यात तपासणीला न्याच. महाराष्ट्रात आणि गोव्यात गोचीडताप फार आहे आणि तो अंगात दबून राहू शकतो. रक्ताची पूर्ण तपासणी करून प्लेटलेट बघायला सांगा, त्या कमी असतील तर डॉक्टर पुढचं शोधतील. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली गोचीड रोज चाचपा. मलूलपणा, पांढुरक्या हिरड्या, गडद लघवी दिसली तर उद्यावर ढकलू नका. माणसांची तापाची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याला घातक ठरू शकतात. जंताचं औषध वजनावर असतं. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. रेबीजची लस दरवर्षी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो होतो, म्हणून त्याची लस झाली आहे का हेही विचारा.

खाणं आठवडाभर तेच ठेवा जे शेल्टरमध्ये मिळत होतं, मग नवं अन्न थोडं थोडं वाढवत सात दिवसांत बदला. दूध-पोळीवर कुत्रा ठेवायची आपल्याकडची रीत सोडा. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, आणि पोळीतून पुरेसं प्रोटीन मिळत नाही. घरचंच द्यायचं तर उकडलेलं चिकन किंवा अंडी, भात, भोपळा, आणि कॅल्शियम किती ते डॉक्टरांना विचारून. आमटीतला कांदा-लसूण त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतो. द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट अजिबात नको. म्हणजे प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणेसुद्धा.

शी-शूसाठी रोज त्याच जागी न्या: उठल्यावर, प्रत्येक जेवणानंतर १५-२० मिनिटांनी, झोपण्याआधी. तिथे झाल्या झाल्या तुकडा द्या, घरी आल्यावर दिला तर कशाबद्दल दिला हे त्याला कळत नाही. घरात केली तर ओरडू नका. ओरडा खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी कपाटामागे जाऊन करतो. फिनेलने वास नुसता झाकला जातो, कुत्र्याला तो येतच राहतो आणि कुत्रा तिथेच परत करतो. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमवाला क्लीनर वापरा.

सोसायटीत कुणी ‘कुत्रा चालणार नाही’ म्हणालं, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक सूचना दाखवा: बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. तुमच्या बाजूने पट्टा आणि शी उचलायची पिशवी कधी चुकवू नका. रेबीजच्या लशीचं प्रमाणपत्र जोडून महापालिकेचा परवानाही काढून ठेवा, तक्रार झाली तर आधी तोच मागतात.

तीन आठवडे झाले, महिना झाला तरी जमत नसेल तर शेल्टरला फोन करा. सुरुवातीच्या बऱ्याचशा अडचणी वेळापत्रक बदलून सुटतात, आणि ते त्यांना माहीत असतं. तरीही नाहीच जमलं तर कुत्रा त्यांच्याकडेच परत द्यायचा, करारात बहुधा हेच लिहिलेलं असतं. ओळखीच्या शेतावर किंवा गावाकडे परस्पर सोडून येऊ नका. उपासमार होईल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि आधीच एकदा टाकलेला कुत्रा नव्या ठिकाणच्या कुत्र्यांच्या टोळीपुढे टिकत नाही.