यूरिक ॲसिडचा अहवाल चयापचयाच्या संदर्भात कसा वाचावा

रक्ततपासणीच्या अहवालात यूरिक ॲसिडचा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की बहुतेकांची पहिली कुऱ्हाड डाळींवर कोसळते. पाठोपाठ पालक आणि मटार वर्ज्य होतात. रोजचे गोड पेय, वाढत चाललेला कंबरेचा घेर आणि कित्येक महिन्यांत न मोजलेला रक्तदाब मात्र तसेच राहतात. हा क्रम उलटा आहे. वाढलेले यूरिक ॲसिड पुष्कळदा एकटे येत नाही, म्हणून त्याचा आकडा इतर काही आकड्यांच्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे.

पहिली पायरी: आकड्याची खातरजमा करावी

प्रयोगशाळेगणिक मर्यादा थोडी बदलते. सर्वसाधारणपणे पुरुषांमध्ये सुमारे ७ आणि स्त्रियांमध्ये सुमारे ६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही वरची मर्यादा मानतात. रजोनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेनमुळे यूरिक ॲसिडचे उत्सर्जन चांगले होते, म्हणून स्त्रियांचा आकडा कमी असतो आणि रजोनिवृत्तीनंतर तो वाढू लागतो. ६.८ च्या वर यूरेटचे, म्हणजे यूरिक ॲसिडच्या क्षाराचे, स्फटिक तयार होण्याजोगी परिस्थिती निर्माण होते. पण आकडा वाढलेल्या बहुसंख्य लोकांना गाऊट, म्हणजे या स्फटिकांमुळे सांधे सुजून दुखण्याचा विकार, कधीच होत नाही.

तपासणीच्या आधीच्या दिवसांत कडक उपवास, मद्यपान, अतिश्रमाचा व्यायाम किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांपैकी काही घडले असेल, तर आकडा तात्पुरता चढलेला असू शकतो. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायझाइड गटातील मूत्रल औषधे आणि कमी मात्रेतील ॲस्पिरिन यांमुळेही तो वाढतो. ही औषधे स्वतःहून बंद करू नयेत. त्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी. याच्या उलट, गाऊटचा झटका चालू असताना आकडा चक्क सामान्यही येतो, म्हणून झटका ओसरल्यावर किमान दोन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

दुसरी पायरी: संबंध नेमका कुठे आहे ते समजून घ्यावे

पेशींतील आणि अन्नातील प्यूरिन नावाच्या घटकांचे विघटन झाले की शेवटी यूरिक ॲसिड उरते. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूत्रपिंडांवाटे आणि उरलेला आतड्यांवाटे बाहेर पडतो. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका गाळलेल्या यूरिक ॲसिडचा मोठा भाग परत रक्तात शोषून घेतात, आणि रक्तातील इन्सुलिन वाढले की हे शोषण आणखी वाढते. पोटाभोवती चरबी साठून शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, म्हणजेच इन्सुलिन प्रतिरोध निर्माण झाला, की स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते आणि मूत्रपिंड यूरिक ॲसिड धरून ठेवते. अशा व्यक्तीच्या लघवीची आम्लताही वाढते; यूरिक ॲसिडचे मुतखडे होण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

दुसरी वाट यकृतातून जाते. फ्रुक्टोज, म्हणजे फळांत आणि साखरयुक्त पेयांत असणारी एक साखर, यकृताच्या पेशीत शिरताच फ्रुक्टोकायनेज हे विकर (एन्झाइम) त्याला झपाट्याने फॉस्फेट जोडू लागते. ग्लुकोजच्या बाबतीत पेशी गरजेनुसार वेग आवरू शकते. या वाटेवर तसा लगाम नाही. त्यामुळे एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जाचलन, वेगाने खर्च होते आणि त्याचे उरलेले अवशेष मोडत मोडत यूरिक ॲसिड बनतात. त्याच वेळी त्याच पेशीत फ्रुक्टोजपासून चरबीही तयार होत असते. मला या विषयातील हा सर्वांत बोलका दुवा वाटतो, कारण रक्तातील ट्रायग्लिसराइड्स (चरबीचा एक प्रकार) आणि यूरिक ॲसिड एकाच अहवालात इतक्या वेळा हातात हात घालून का वाढतात, हे त्यातून उलगडते.

ही निरीक्षणे आजची नाहीत. स्वीडनचे वैद्य एस्किल कायलिन यांनी १९२३ मध्येच उच्च रक्तदाब, वाढलेली रक्तशर्करा आणि वाढलेले यूरिक ॲसिड हे त्रिकूट एकत्र आढळते, असे नोंदवले होते.

तिसरी पायरी: पाच मोजमापे शेजारी मांडावीत

एका वहीत यूरिक ॲसिडच्या आकड्याखाली कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा, ट्रायग्लिसराइड्स आणि एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) लिहावे. घेर मोजताना सरळ उभे राहावे, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर टेप जमिनीला समांतर धरावी, पोट आत न ओढता नेहमीसारखा श्वास सोडावा आणि मग आकडा वाचावा. पँटच्या मापावरून अंदाज बांधू नये. ती बहुधा पोटाच्या खाली बसते.

आशियाई वंशाच्या पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर, १३०/८५ किंवा त्याहून अधिक रक्तदाब, १०० किंवा अधिक रक्तशर्करा, १५० किंवा अधिक ट्रायग्लिसराइड्स, आणि पुरुषांत ४० पेक्षा, स्त्रियांत ५० पेक्षा कमी एचडीएल यांपैकी कोणतीही तीन लक्षणे असतील, तर त्याला चयापचय संलक्षण म्हणतात. यूरिक ॲसिड या निकषांत नाही. पण ते वाढलेले असताना यांतील दोन आकडे काठावर असतील, तर मी ती स्पष्ट पूर्वसूचना मानेन. मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही पाहून घ्यावे, कारण मूत्रपिंडाचे काम मंदावल्यानेही यूरिक ॲसिड साचते.

चौथी पायरी: बदल योग्य क्रमाने करावेत

सर्वांत आधी साखरयुक्त पेये आणि डबाबंद फळांचे रस थांबवावेत. अख्खे फळ खायला हरकत नाही. त्यातील तंतूंमुळे साखर सावकाश शोषली जाते आणि तिचे प्रमाणही कमी असते. त्यानंतर मद्य, विशेषतः बिअर, कारण तिच्यात प्यूरिनही असतात. कलेजीसारखे अवयवांचे मांस, लाल मांस आणि काही प्रकारचे मासे कमी करावेत. डाळी, पालक, मटार यांत प्यूरिन असले तरी मोठ्या निरीक्षणात्मक अभ्यासात त्यांच्यामुळे गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही, आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ घेणाऱ्यांत तो कमी आढळला.

वजन सावकाश उतरवावे. एकदम उपासमार केली की शरीरात कीटोन तयार होतात, ते यूरिक ॲसिडच्या उत्सर्जनात अडथळा आणतात आणि आकडा उलट वर जातो. नियमित चालणे व स्नायूंना ताकद देणारा व्यायाम यांनी इन्सुलिन प्रतिरोध कमी होतो.

पाचवी पायरी: औषधाचा निर्णय डॉक्टरांबरोबर घ्यावा

केवळ आकडा वाढला म्हणून, काहीच त्रास नसताना, सहसा औषध दिले जात नाही. ॲलोप्युरिनॉल या औषधाने यूरिक ॲसिड उतरते. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत त्याने मूत्रपिंडविकाराची वाटचाल मंदावली नाही आणि २०२२ मधील मोठ्या चाचणीत हृदयविकाराच्या रुग्णांना त्याचा अपेक्षित लाभ दिसला नाही. यूरिक ॲसिडमुळेच मधुमेह होतो, असेही सिद्ध झालेले नाही. गाऊटचे वारंवार झटके येत असतील तर गोष्ट वेगळी. तेथे आकडा ६ च्या खाली ठेवण्यासाठी औषध नियमित घ्यावे लागते आणि बरे वाटले म्हणून ते मध्येच सोडू नये. सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर सांध्यातील जंतुसंसर्गाची शक्यता असते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

बदल सुरू केल्यावर साधारण तीन महिन्यांनी सर्व तपासण्या एकत्र कराव्यात आणि वहीतील जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहावी. यूरिक ॲसिड थोडेच उतरले, पण घेर, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड्स खाली आले असतील, तर हाच क्रम चालू ठेवावा.