पौलाच्या नावाचे पत्र पौलाचेच आहे का, हे कसे तपासावे

नव्या करारातील, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातील, पौल या प्रेषिताच्या नावाचे एखादे पत्र तपासायला घेताना ते रचले कोणी आणि आपल्या हाती आलेला मजकूर मूळचाच आहे का, हे दोन प्रश्न आधी वेगळे करावेत. मार्काच्या शुभवर्तमानातील १६:९-२० (अध्याय १६, वचने ९ ते २०) ही वचने चौथ्या शतकातील सिनाय आणि व्हॅटिकन या हस्तलिखितांत नाहीत. ती प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली, ठरली, तरी उरलेल्या ग्रंथाच्या कर्त्याविषयी त्यावरून काहीच ठरत नाही.

पौलाच्या नावावर १३ पत्रे आहेत. त्यांपैकी रोमकरांस, करिंथकरांस पहिले व दुसरे, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिले आणि फिलेमोनास ही ७ पत्रे जवळजवळ सर्व अभ्यासक पौलाचीच मानतात. ती सलग वाचून कान तयार करावा आणि मगच वादातले पत्र उघडावे.

पौलाचा सहकारी तीमथ्य याला लिहिलेले पहिले पत्र घेऊ. त्यात तरुण विधवांनी लग्न करावे असे सांगितले आहे (५:१४), तर करिंथकरांस पहिल्या पत्रात विधवांनी तसेच राहणे बरे, असे पौल म्हणतो (७:८). येथे विसंगती सापडली म्हणून थांबू नये, कारण लगेच पुढच्या वचनात, संयम नसेल तर लग्न करावे, अशी मोकळीक तोच देतो. एकटी विसंगती फसवी असते. तिच्याबरोबर आणखी काय येते ते पाहावे. तीमथ्याच्या या पत्रात ख्रिस्ती मंडळीतील अध्यक्ष आणि सेवक या पदांवरील लोकांच्या पात्रतेची सविस्तर यादी येते, आणि ज्या ग्रीक शब्दासाठी मराठी बायबलात ‘सुभक्ती’ येते, तो शब्द येथे वारंवार येत असूनही त्या ७ पत्रांत एकदाही नाही. अशा खुणा एकत्र आल्या की शंकेला बळ येते, आणि बहुसंख्य अभ्यासक हे पत्र पौलाचे मानत नाहीत ते अशाच खुणांमुळे.

शैलीवर मात्र सगळा भार टाकू नये. रोमकरांस पत्र ज्याने लिहून घेतले तो तर्तिय स्वतःच मध्येच सलाम सांगतो (१६:२२), आणि लेखनिकाला शब्दयोजनेची कितपत मुभा होती हे प्रत्येक पत्रात निराळे असू शकते.

‘त्या काळी दुसऱ्याच्या नावाने लिहिणे कोणाला खटकत नसे’ हे विधानही तपासल्याशिवाय स्वीकारू नये. पौलाच्या नावाभोवती एक ग्रंथ रचणाऱ्या रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतातील एका वडिलाने (मंडळीच्या पदाधिकाऱ्याने) पौलावरील प्रेमापोटी तसे केल्याचे कबूल केले, आणि तरीही त्याला पद सोडावे लागले, असे तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने सुमारे इ. स. २०० मध्ये नोंदवले आहे.