तीन वर्षांच्या मुलाची टाळी गाण्याशी कशी जुळवावी

मुलांचे हात धरून टाळ्या वाजवून घेणं आधी बंद करा. आपल्याकडे कोकणात हे घरोघरी चालतं. गणपती जवळ आले की तीन वर्षांच्या पोराच्या हातात झांज देतात, मागे बसून त्याची मनगटं धरतात आणि आरतीवर हात हलवतात. पोर वैतागतं, झांज टाकून पळतं आणि मग कोणीतरी म्हणतंच, "ह्याका ताल कळणा नाय गो." असं ऐकलं की मला राग येतो. बालवाडीतल्या मुलांसोबत मी वर्षानुवर्षं गाते आहे. ताल त्यांना कळतो. तुमच्या लयीत हात चालवणं मात्र त्या वयात जमत नाही.

पहिलं वर्ष

गा. गर्भात सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाला ऐकू येऊ लागतं आणि जन्मतःच ते आईचा आवाज ओळखतं. तुमचा गळा गोड आहे की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मोबाइलवर गाणी लावून बाळाला पाळण्यात एकटं ठेवू नका, मांडीवर घेऊन ठेक्यावर झुलवा. 2005 साली कॅनडात जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना एकच सपाट, कुठेही जोर नसलेला ठेका ऐकवला. तो ऐकताना काहींना दर दुसऱ्या मात्रेवर झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर, ज्या मात्रेवर झुलवलं होतं तिथे जोर दिलेला ठेका बाळं जास्त वेळ ऐकत राहिली. दुसऱ्याला झुलताना नुसतं पाहणाऱ्या बाळांमध्ये हा फरक दिसला नाही.

सहा-सात महिन्यांचं बाळ आवाजाच्या दिशेने मान वळवत नसेल, तर बाकी सगळं राहू द्या आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, पण त्याची वाट बघत बसू नका. सरळ आरोग्य केंद्रात जा.

दुसरं वर्ष

नाचू द्या. मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला यांनी 2010 मध्ये 5 ते 24 महिन्यांच्या बाळांवरचं काम प्रसिद्ध केलं. बोलण्यापेक्षा संगीतावर आणि ठेक्यावर बाळं जास्त हलतात, लय जलद झाली की त्यांचं हलणंही जलद होतं, पण ठोक्यावर ठोका पडत नाही. तेव्हा या वयात टाळी मागूच नका.

अडीच ते चार: खरी अडचण इथे आहे

हा टप्पा मलाही बरीच वर्षं उलगडत नव्हता. उलगडला तो आरतीत. एक चिमुरडा पुढच्या चटईवर बसून झांज वाजवत होता. मोठ्यांची आरती संथ चाललेली आणि त्याची झांज भराभर, कोणाशीच मेळ नाही. आजीने दोनदा हात दाबून गप्प केलं. मग आरत्या संपत आल्या, लय चढली, सगळ्यांच्या टाळ्या जलद झाल्या आणि एकाएकी त्याचा ठोका पखवाजाच्या थापेवर पडू लागला. त्याने मान वर केली, वाजवणाऱ्या काकांकडे पाहिलं आणि खुदकन हसला. तो आपल्याच लयीत वाजवत होता. बदलले होते मोठे.

लहान मुलांची उपजत लय आपल्यापेक्षा जलद असते. मोठ्या माणसाला सहज ठोके द्यायला सांगितलं तर ते मिनिटाला साधारण 100च्या आसपास पडतात. चारेक वर्षांच्या मुलाचे 150च्या घरात जातात. आपण हळू गातो, कारण हळू म्हणजे सोपं असा आपला समज. या वयाच्या मुलाला हळू हेच कठीण. दोन ठोक्यांमधली मोठी रिकामी जागा त्याला सांभाळता येत नाही. "आधी विलंबित घ्या, मग वाढवा" हा क्लासातला सल्ला इथे उलटा पडतो.

मग करायचं काय? पडवीत जमिनीवर त्याच्या समोरासमोर बसा, त्याच्या पाठीमागे नको. दोघांच्या हातात दोन-दोन करवंट्या, वरचा काथ्या खरवडून काठ घासलेल्या. या वयाला झांज देऊ नका, ती जड असते आणि कानाशी कर्कश वाजते. गाणं सुरू करू नका. मुलाला वाजवू द्या. त्याचा ठोका ऐका आणि त्यावर तुमचा ठोका टाका, कितीही जलद असला तरी. सुरुवातीला तो अडखळेल, थांबेल, तुमच्याकडे बघेल. थांबला की तुम्हीही थांबा. पुन्हा वाजवायला लागला की तुम्हीही लागा. "असं नाही, असं" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आपण वाजवतो तसं समोरचं माणूस वाजवतंय हे मुलाच्या ध्यानात आलं की त्याची नजर तुमच्या हातांवर खिळते. जमत आल्याची ही खूण.

आता त्याच्याच लयीत दोन ओळींचं बडबडगीत धरा. दोन ओळी पुरेत. ते नीट बसलं की लय अगदी किंचित उतरवा. तो सोबत आला तर ठीक, सुटला तर मुकाट्याने त्याच्या लयीवर परत जा. कंटाळा दिसला की करवंट्या उचलून ठेवा.

समोर माणूसच हवं, यावर मी हटून बसते. जर्मनीत लायप्झिगला सेबास्टियन किर्श्नर आणि मायकेल टोमासेलो यांनी 2009 साली अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या मुलांना ढोल वाजवायला दिले: कधी माणसासोबत, कधी यंत्रासोबत, कधी नुसत्या स्पीकरवरच्या ठोक्यांसोबत. माणसासोबत वाजवताना मुलांची जुळणी चांगली झाली आणि अडीच वर्षांची मुलंसुद्धा आपली लय सोडून त्याच्या लयीकडे सरकली. तालाचं ॲप घेऊ का, असं विचारणाऱ्या आयांना मी नको म्हणून सांगते. घरात काका, आत्या, आजोबा आहेत, त्यांना बसवा.

आणि शिमग्याला पालखी नाचते तेव्हा ढोल-ताशाच्या शेजारी मुलाला खांद्यावर घेऊन उभे राहू नका. लांबून दाखवा. कान एकदा गेले की परत येत नाहीत.

सूर

सुराची घाई नको. मूल आधी शब्द उचलतं, मग त्यांचा ठेका, मग चालीचा चढउतार. नेमके स्वर सगळ्यात शेवटी. गाता गाता पट्टी बदलणं पाच वर्षांपर्यंत चालायचंच. तुम्ही मात्र त्याच्या गळ्याला झेपेल असं गा: पेटीवर मध्य सप्तकात पांढरी दोन ते पांढरी सहा. बाबा लोक खर्जात गातात आणि पोराला ते स्वर सापडत नाहीत. त्यांनी आवाज वर न्यावा किंवा फक्त ठेका धरावा. 'बेसूर' हा शब्द मुलासमोर नको.

पाचच्या पुढे

आता झांज द्या. भजनाला पखवाजवाल्याच्या समोर, त्याचे हात दिसतील असं बसवा. सुरुवातीला फक्त समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एक ठोका मारू दे. तो चुकेनासा झाला की पूर्ण ठेका.