भाडं परस्पर घरमालकाला गेलं, तरी हिशोब आपणच ठेवायचा

इंग्लंडमधल्या लेस्टरला येऊन मला 19 वर्षं झाली. नवीन मराठी कुटुंब आलं की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, युनिव्हर्सल क्रेडिटमधलं भाडं सरकार परस्पर घरमालकाला देतं म्हणे. मग आपल्याला बघायला नको ना?" बघायला लागतं. युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे कमी कमाई असलेल्यांना ब्रिटिश सरकारकडून दर महिन्याला मिळणारी मदत, त्यात घरभाड्याचाही वाटा असतो. ते नीट सांगते.

आधी व्हिसा तपासा. 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही) अशी अट असेल तर हा क्लेम तुमच्यासाठी नाही. स्किल्ड वर्कर, विद्यार्थी आणि जोडीदाराच्या व्हिसावर ही अट सहसा असतेच. कुणी हौसेने फॉर्म भरून देतो म्हणालं तरी नको म्हणा, पुढच्या व्हिसाच्या वेळी ते अंगाशी येऊ शकतं. नवरा ब्रिटिश नागरिक आणि बायको जोडीदाराच्या व्हिसावर असेल तर त्याला क्लेम करता येतो, पण तिच्या वाट्याची रक्कम मिळत नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर 2020 संपायच्या आत आलेल्या गोव्याच्या मंडळींकडे सेटल्ड स्टेटस (कायम राहण्याचा हक्क) असेल तर अडचण नाही. प्री-सेटल्ड (तात्पुरता हक्क) असेल तर नोकरीसारखा आणखी पुरावा मागतात. आणि पुण्यात भाड्याने दिलेला फ्लॅट असेल तर तोही सांगावा लागतो, कारण परदेशातली मालमत्ता बचतीत धरतात. एकूण 16,000 पौंडांच्या वर गेलं की क्लेम बसत नाही.

आता भाड्याचं. इंग्लंड आणि वेल्समध्ये भाड्याचे पैसे तुमच्याच खात्यात येतात, तेही पहिल्यांदा साधारण 5 आठवड्यांनी. घरमालकाला थेट हवे असतील तर कारण लागतं: दोन महिन्यांचं भाडं थकलेलं, डोक्यावर कर्ज, घरात मारहाण, बेघर होण्याची वेळ. तुम्ही ऑनलाइन जर्नलमध्ये (क्लेमच्या खात्यातली निरोपांची वही) लिहून वर्क कोचला, म्हणजे तुमचा क्लेम बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, विचारू शकता. भाडं थकलं असेल तर घरमालकही अर्ज करू शकतो, त्याला तुमची परवानगी लागत नाही. स्कॉटलंडमध्ये हा पर्याय तुम्हाला स्वतःहून निवडता येतो, आणि नॉर्दर्न आयर्लंडमध्ये पैसे मुळात घरमालकाकडेच जातात.

पण थेट गेले म्हणजे पूर्ण गेले असं नाही. खासगी घराला सरकार त्या भागाच्या ठरलेल्या दरापर्यंतच देतं. समजा भाडं 850 पौंड आणि दर 700, तर वरचे 150 दर महिन्याला तुम्हीच भरायचे. एकटे राहणारे आणि 35 वर्षांखालचे असाल तर बहुतेक वेळा शेअर्ड घरातल्या एका खोलीचाच दर मिळतो.

आमच्या घरी जे झालं ते सांगते, कारण वेअरहाऊसमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे. यांचा पगार दर 4 आठवड्यांनी व्हायचा, म्हणजे वर्षाला 13 पगार. युनिव्हर्सल क्रेडिट मात्र महिन्याचा हिशोब करतं. त्यामुळे वर्षातून एका महिन्यात दोन पगार पडतात, कमाई दुप्पट दिसते आणि त्या महिन्याची मदत घसरते. घरमालकाला थेट जाणारी रक्कमही मग घसरू शकते. आम्ही निर्धास्त होतो, भाडं 'सरकार भरतंय' म्हणून. दीड महिन्याने थकबाकीचं पत्र दारात आलं तेव्हा कळलं. दोन पगार हातात आले होते, पण तोवर त्यातले पैसे आईच्या ऑपरेशनसाठी सांगलीला पाठवून झाले होते. करार आमच्या नावावर, म्हणून थकबाकीही आमच्याच नावावर. ती फेडायला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत मी दाराच्या बेलला दचकायची.

म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडर घेऊन युनिव्हर्सल क्रेडिटच्या हिशोबातला दोन पगारांचा महिना शोधा आणि त्यातला दुसरा पगार भाड्यासाठी बाजूला काढा. दर महिन्याचं स्टेटमेंट जर्नलमध्ये आलं की घरमालकाला किती गेले ते वाचा, आणि कमी दिसले तर त्याच दिवशी त्यांना मेसेज करून फरक कधी भरणार ते सांगा. फोनवर बोलणं झालं तरी लेखी मेसेज ठेवाच.