नवखी महिला डिटेक्टिव्ह आणि मालिका-खून : रहस्यकथा लिहिताना या चुका टाळा

आमच्या इंदूरच्या वाचनमंडळाकडे दर पावसाळ्यात दिवाळी अंकासाठी कथा येतात. रहस्यकथांची पहिली चाळणी माझ्याकडे असते. हल्ली त्यांतल्या बऱ्याच कथांची नायिका एकच असते. पोलिसात नुकतीच लागलेली मुलगी, पहिलीच मोठी केस, आणि समोर एकामागून एक पडणारे खून. विषय मला मनापासून आवडतो. पण त्याच त्या चुकांपायी चांगल्या हाताच्या मुलींच्या कथा परत कराव्या लागतात आणि त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहिते आहे.

पहिल्याच प्रेतावर मालिका ओळखणं

नायिका घटनास्थळी पोचते, गुडघ्यावर बसते, मयताच्या मुठीतली काहीतरी खूण बघते आणि उठून सांगते, "सर, हा माणूस पुन्हा खून करणार." सर हसतात. चौथ्या पानावर दुसरं प्रेत पडतं आणि सर गप्प होतात.

मालिका अशी दिसत नाही. प्रत्येक मृत्यू आपापल्या ठाण्याच्या हद्दीत आणि आपापल्या रजिस्टरमध्ये येतो. मध्य प्रदेशात संशयास्पद किंवा अकस्मात मृत्यूची आधी 'मर्ग' म्हणून नोंद होते. एक मर्ग चंदननगरला, दुसरा राऊला, तिसरा थेट देवास जिल्ह्यात. तीन तपास अधिकारी, तीन केस डायऱ्या, आणि तिघांनी एकमेकांची तोंडंही पाहिलेली नाहीत. पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणात १९७६ च्या जानेवारीत एक विद्यार्थी नाहीसा झाला. तो त्या मालिकेतला पहिला बळी होता हे उघड झालं १९७७ मध्ये, आरोपी हाती लागल्यावर. आपल्याकडचंच बघायचं तर भोपाळजवळच्या मंडीदीपचा शिंपी २०१८ मध्ये पकडला गेला. ट्रकचालकांचे तीसहून जास्त खून त्याने कबूल केले असं पोलिसांनी सांगितलं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण प्रेतं वेगवेगळ्या जिल्ह्यांत, वेगवेगळ्या राज्यांत रस्त्याकडेला मिळत होती आणि प्रत्येक ठाण्याच्या लेखी ती एक सुटी केस होती.

म्हणून माझं म्हणणं असं की नायिका नवखी आहे हीच तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. नव्या सब-इन्स्पेक्टरला ठाण्यात काय मिळतं? इतरांना नको असलेलं काम. जुने, निकाली न निघालेले मर्ग. ते तिला वाचू द्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही छापलेल्या एका कथेत हेच होतं. सिरपूर तलाव, बिलावली, पिपल्यापाला, इंदूरच्या या तिन्ही तलावांत बुडून मृत्यू आणि तिन्ही पंचनाम्यांत एकच ओळ : काठावर चपलांचा एक जोड. आत्महत्या करणारा माणूस चपला काढून ठेवतो, म्हणून कुणी प्रश्न विचारला नाही. नायिका तिसऱ्या मयताच्या घरी जाते तेव्हा त्याची बायको सहज बोलून जाते, "ह्यांच्या पायाला भेगा होत्या, हे चप्पल कधीच घालत नव्हते, बूटच." नायिका परत येऊन मालखान्यातून, म्हणजे ठाण्यात जप्त वस्तू ठेवतात तिथून, तो जोड काढून घेते, त्याचं माप बघते आणि आधीचे दोन्ही पंचनामे पुन्हा उघडते. एवढंच. मुठीतल्या खुणेची गरज पडली नाही.

कथा निवडताना मी एक करते. प्रत्येक मृत्यूसाठी वेगळा कागद घेते आणि त्यावर लिहिते : कुठलं ठाणं, कुणी लिहून घेतलं, आणि त्या दिवशी त्या मृत्यूला काय म्हटलं गेलं. अपघात, आत्महत्या, गुमशुदगी (बेपत्ता). पहिल्याच कागदावर 'खून' लिहावं लागलं तर लेखिकेने घाई केली आहे, हे मला तिथेच कळतं. तीन प्रेतं पाडल्याशिवाय वाचक थांबणार नाही अशी भीती नव्यांना वाटते. वाचक थांबतो. एक मर्ग नीट लिहिला तर नक्की थांबतो.

रडत दिलेल्या कबुलीवर कथा संपवणं

हे मी सर्वांत जास्त वेळा लाल पेनाने लिहिलं असेल. नायिका खुन्यासमोर बसते, त्याचं दुःखी बालपण त्यालाच सांगते, तो कोसळतो, सगळे खून कबूल करतो. समाप्त.

पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध चालत नाही. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. कबुली चालायची तर ती मॅजिस्ट्रेटसमोर, आरोपीला नीट समज देऊन, नोंदवावी लागते. पोलिसांपुढच्या बोलण्यातला एकच तुकडा उपयोगी पडतो : आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेलं विधान.

मंडळाच्या एका बैठकीत विजयनगरच्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या एका मुलीने अशीच कथा वाचली. वाचली फार सुंदर. शेवटी टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत एक निवृत्त सरकारी वकील बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "बेटा, उद्या कोर्टात काय घेऊन जाशील?" ती म्हणाली, "त्याने कबूल केलंय ना." मग काकांनी कायदा समजावला. मुलगी चिडली. कथा म्हणजे काही चार्जशीट नव्हे, असं म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली. तिचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही. अडचण कायद्याची नव्हतीच. खुन्याने आपण होऊन बोलावं आणि नायिकेने काहीच करू नये, ही अडचण होती. सगळी कथाभर धावलेल्या मुलीला शेवटच्या पानावर फक्त ऐकायला बसवलं होतं.

पाऊस संपता संपता तिने कथा पुन्हा पाठवली. आता खुनी नुसतं एवढं सांगतो की दोरी कुठे पुरली. जप्तीसाठी पंच हवेत. ठाण्यातला प्रधान आरक्षक (आपला हवालदार) सवयीने कोपऱ्यावरच्या चहावाल्याला हाक मारतो. तो नेहमीचा पंच, त्याला कुठे सही करायची हेही पाठ आहे. नायिका त्याला थांबवते, कारण उद्या बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार : याआधी किती पंचनाम्यांवर सही केलीस? मग भर दुपारच्या उन्हात ती रस्त्यावर पंच शोधत फिरते. एक जण म्हणतो दुकान बंद करता येत नाही. दुसरा म्हणतो, मॅडम, तारखांना कोण येणार. तिसरा ऐकून न ऐकल्यासारखं करतो. शेवटी एक निवृत्त शिक्षक तयार होतात, आणि त्यांच्या ओळखीचा टायरवाला. दोरी उकरली जाते, मोबाईलवर चित्रण होतं (झडती-जप्तीचं चित्रण आता नव्या कायद्याने करावंच लागतं), सील लागतं. त्या दोन पानांत ती पोरगी अधिकारी झालेली दिसते. कथा छापली, आणि काका अजूनही ती नव्या लेखकांना वाचायला देतात.

शहर न चालता लिहिलेलं शहर

"सराफ्याच्या सुनसान गल्लीत रात्री बारा वाजता कचरापेटीत प्रेत सापडलं." हे वाक्य मला वेगवेगळ्या लेखकांकडून आलं आहे, आणि लेखक इंदूरचेच! रात्री बाराला सराफ्यात पाय ठेवायला जागा नसते. सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर तळलेला गराडू (एक कंद), भुट्ट्याचा कीस आणि जिलेबीच्या कढया लागतात. आणि कचरापेटी कुठून आणलीत? स्वच्छतेत देशात पहिलं येण्याआधी, म्हणजे २०१७ च्याही आधी, या शहराने रस्त्यावरच्या मोठ्या पेट्या हटवल्या. कचऱ्याची गाडी दारात येते. प्रेत लपवायचं असेल तर खुन्याला हे ठाऊक असायला हवं, आणि तुम्हाला त्याच्याही आधी.

उलट बघा, केवढा माल हाताशी पडला आहे. रात्री गर्दी ओसरली की महापालिकेचे सफाई कामगार रस्ते झाडायला उतरतात. रोज तोच रस्ता झाडणाऱ्या बाईला कुठलं शटर किती वाजता पडतं, कुठल्या ओट्यावर कोण झोपतो, हे तुमच्या सीसीटीव्हीपेक्षा चांगलं ठाऊक असतं. तिचा जबाब घेणारी नायिका मला अजून एकाही कथेत भेटलेली नाही. जिथे प्रेत ठेवायचं आहे तिथे त्या वेळेला जाऊन उभं राहा. त्याला पर्याय मला माहीत नाही. गूगलच्या नकाशावर गल्ली दिसते, पण तिथे रात्री कोण असतं ते दिसत नाही.

हॅकर मित्र

कथा अडली की हा मित्र येतो, तीन बटणं दाबतो आणि खुन्याचे सगळे कॉल समोर. या आडवाटेचा मला खरोखर राग येतो. कॉल रेकॉर्ड वरिष्ठ अधिकाऱ्यामार्फत रीतसर मागवावे लागतात. बेकायदा कॉल रेकॉर्ड मिळवल्याबद्दल २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी खासगी डिटेक्टिव्हना अटक केली होती, म्हणजे तुमची नायिका तिथे स्वतःच आरोपी ठरते. आणि रेकॉर्ड आले तरी उत्तर येत नाही. राजवाड्याच्या टॉवरचा संध्याकाळचा डेटा मागवला तर हजारो नंबर येतील, ते चाळायला माणूस लागेल. २०२२ मध्ये सागर शहरात झोपलेल्या चौकीदारांना मारणारा तरुण भोपाळला पकडला गेला, तो एका मयताचा मोबाईल जवळ बाळगल्यामुळे. साधी गोष्ट, पण त्यासाठी आधी कुणाच्या तरी लक्षात यायला हवं की प्रेताजवळ मोबाईल नाही.

छोट्या, पण रोजच्या

रक्ताने भिजलेली ओढणी पॉलिथीनमध्ये भरू नका. आत ओल धरते, बुरशी येते, पुरावा जातो. सावलीत वाळवून कागदात.

डॉक्टर "रात्री दोन वाजून सतरा मिनिटं" असं सांगत नाहीत. तासांचा अंदाज देतात, आणि मेच्या उकाड्यात शरीर लवकर ताठरतं हेही धरून चालतात.

डीएनए रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येत नाही. आठवडे जातात, कधी महिने. त्या वाट पाहण्यात नायिका काय करते ते लिहा.

मयताच्या आईला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नका. साक्षीदार बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, असं कायदा सांगतो. आणि घरात गेल्यावर भिंत, देव्हारा, औषधांचा डबा, सगळं दिसतं.

नायिका खासगी डिटेक्टिव्ह असेल तर तिला अटक करणं, झडती घेणं यांतलं काहीच पोलिसासारखं करता येत नाही. खासगी डिटेक्टिव्हांसाठी २००७ मध्ये राज्यसभेत आलेलं विधेयक कायदा झालंच नाही. खुनाच्या तपासात ती पोलिसांच्या बाजूने, थोडं बाहेर उभी राहूनच काम करू शकते.

योगायोगाने खुनी सापडू नये. १२ जानेवारी १९२५ ला मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला तेव्हा गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी ऐनवेळी तिथे पोचले, काही मारेकरी जागीच सापडले, आणि धागा इंदूरच्या दरबारापर्यंत आला. पुढच्या वर्षी इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकरांनी गादी सोडली. ते खरं घडलं म्हणून पचतं. कथेत वाचक माफ करत नाही.

तिसऱ्या मयताला नाव नसणं

पहिल्या मयताला दोन पानं मिळतात, दुसऱ्याला एक परिच्छेद, आणि तिसरी "आणखी एक तरुणी" होते. हे वाचताना मला त्रास होतो. लेखक खुन्यात रमलेला असतो. त्याचं डोकं, त्याची खोली, भिंतीवर लावलेले फोटो. जिचा जीव गेला तिने आदल्या दिवशी डब्यात काय नेलं, कुणाचे पैसे द्यायचे राहिले, हे कुणाला सुचत नाही. तपासाच्या दृष्टीनेही हे चूक आहे, कारण धागा तिथेच असतो. तिघी एकाच पार्लरमध्ये जात होत्या का, सरवटे बसस्टँडवरून एकाच वेळी सुटणारी बस धरत होत्या का, हे त्यांचं जगणं लिहिल्याशिवाय तुम्हालाच कळणार नाही. मी लेखिकेला फोन करून विचारते, "तिसरीचा शेवटचा मंगळवार सांग." सांगता आला नाही तर कथा परत.

ठाण्यात पुण्याचं मराठी

शेवटचं. इथे पीआय नसतो, टीआय (टाउन इन्स्पेक्टर) असतो. हवालदार नाही, प्रधान आरक्षक. डिसेंबर २०२१ पासून इंदूरला पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आजच्या कथेत शहरात एसपी साहेब येऊन झापणार नाहीत, डीसीपी झापतील. ठाण्यात हिंदी चालते, जबाब देणारा माळवी बोलतो, खबऱ्याला मुखबिर म्हणतात. नायिका रात्री रामबागेत घरी येते तेव्हा आई दार उघडून विचारते, "अगं, जेवलीस का काही?" आणि तिथे मराठी सुरू होतं. अशी कथा पाठवा. त्यातली हिंदी वाक्यं आम्ही कापत नाही, त्यांची भाषांतरंही मागत नाही.