तेल सोडलं तरी ट्रायग्लिसराईड हलेना? फॅटी ॲसिडच्या बाबतीत या चुका टाळा

लिपिड प्रोफाइलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीच्या, कागदावर एलडीएल आणि ट्रायग्लिसराईड हे दोन आकडे ठळक छापून आले की कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत पहिली गदा तेलावर येते. मिसळ बंद, वडा बंद, भाजीला फोडणी नावापुरती. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराईड जिथल्या तिथं. मग ‘तेलाचा आणि याचा काही संबंधच नाही’ असं म्हणून माणूस पुन्हा पहिल्यासारखं खायला लागतो. चूक दोन्ही वेळा तीच. कागदावरचा कुठला आकडा ताटातल्या कशानं हलतो, हे कुणी पाहिलेलंच नसतं.

एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराईड (रक्तात फिरणारी चरबी) ही दोन वेगळी दुखणी आहेत. फॅटी ॲसिडं म्हणजे तेल-तूप ज्यांचं बनतं ते घटक. एलडीएल वाढवतात ती मुख्यतः त्यातली संपृक्त (सॅच्युरेटेड): लॉरिक, मायरिस्टिक, पाल्मिटिक. ती जास्त झाली की यकृत रक्तातलं एलडीएल नीट उचलत नाही आणि ते रक्तात साचत राहतं. ट्रायग्लिसराईडचं तसं नाही. गरजेपेक्षा जास्त साखर, पिष्ट आणि दारू पोटात गेली की यकृत त्यातून स्वतःच चरबी तयार करतं, आणि तयार होतं ते प्रामुख्यानं पाल्मिटिक ॲसिडच. म्हणजे ताटात तेलाचा थेंब नसला तरी यकृताचा घाणा चालूच राहतो. तेल सोडलेला माणूस भूक भागवायला काय खातो ते बघा: एक भाकरी जास्त, रात्री भाताची मूद मोठी, चारला भडंग, आणि साखर वाईट म्हणून चहात गूळ. उसाच्या जिल्ह्यात गुळाला आणि काकवीला औषधाचा मान आहे, पण दोन्हींत बहुतांश साखरच असते. दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, १६० कॅलरी. तीन चमचे फोडणी वाचवली आणि चहातून तेवढीच ऊर्जा परत आत घेतली.

तेव्हा आधी कागद वाचा. एलडीएल ठीक आणि फक्त ट्रायग्लिसराईड १५० च्या वर असेल तर साखर, गूळ, दारू, रात्रीचा भात आणि पोटाचा घेर इकडे बघा. एलडीएल वाढलं असेल तर साय, लोणी, तूप, खोबरं, मटणाची चरबी, पामतेल आणि बेकरीचा माल तपासा. दोन्ही वाढलं असेल तर दोन्हीकडे हात घालावा लागेल, पण निदान कुठं काय कापायचं ते कळलेलं असेल.

लाल माती सुटली, खुराक सुटला नाही

म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो. २५० मिलीच्या पेल्यात १६ ग्रॅमच्या आसपास, आणि त्यातलं सुमारे १० ग्रॅम संपृक्त. २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबीतून येणारी ऊर्जा १० टक्क्यांच्या आत ठेवायची म्हटली तर दिवसभराचं माप २२ ग्रॅमचं. दूधकट्ट्यावरचे दोन पेले दूध प्यालं की ते जवळजवळ संपलं. रोज हजार-हजार जोर-बैठका मारणाऱ्या पैलवानाची गोष्ट निराळी, त्याची ऊर्जेची गरजच दुप्पट असते. पण तालीम सोडून दहा वर्षं झालेल्या, दिवसभर दुकानात बसणाऱ्या माणसाचा खुराक तोच राहिला तर रिपोर्ट बिघडणारच. दूध सोडू नका. तापवून थंड करा आणि साय काढून घ्या. दुसऱ्यांदा तापवून पुन्हा काढली तर आणखी बराच स्निग्धांश जातो, प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र दुधातच राहतात. काढलेली साय साठवून लोणी-तूप करत असाल तर ते तूपही महिन्याच्या हिशोबात धरा. ते कुठं जात नाही, घरातच खाल्लं जातं.

पांढरा रस्सा सौम्य म्हणून चार वाट्या

तांबडा रस्सा जिभेला भाजतो म्हणून तो ‘जड’ आणि पांढरा सौम्य म्हणून तो ‘हलका’ अशी समजूत पक्की आहे. तिखटाचा आणि फॅटी ॲसिडचा काही संबंध नाही. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ आणि मटणाचं अळणी पाणी (मटण शिजवलेलं बिनमसाल्याचं पाणी) असतं. घट्ट नारळाच्या दुधात १०० मिलीला साधारण २० ग्रॅम स्निग्धांश असतो आणि त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त. हिशोब वाटीचा ठेवायचा तो पांढऱ्याचाच.

रविवारचं मटण शनिवारी शिजवून ठेवता आलं तर एक सोपी गोष्ट करा. अळणी पाणी गाळून उभट स्टीलच्या डब्यात ओता, निवल्यावर झाकण लावून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरी, मेणासारखी थापी धरलेली दिसेल. सुरीनं कडेनं सोडवली की ती अख्खी उचलून येते. खालचं पाणी थरथरीत जेलीसारखं झालं असेल तर ते बिघडलेलं नाही, ते हाडांतलं जिलेटिन आहे. चव त्यात आहे आणि ती कुठं जात नाही. संपृक्त फॅटी ॲसिडची साखळी सरळ असते, एकीवर एक दाट रचली जाते आणि थंडीत घट्ट होते. द्विबंध (कार्बनमधला दुहेरी जोड) असलेली असंपृक्त साखळी वाकडी असते, ती अशी रचली जात नाही, म्हणून तेल पातळ राहतं.

हाच न्याय शेंगतेलाला लावा. थंडीत घाण्यावरचं शेंगतेल गढूळ झालं, तळाशी ढगासारखं दिसलं की लोक भेसळ म्हणून भांडायला जातात. शेंगतेलात अरॅकिडिक, बेहेनिक अशी लांब साखळीची संपृक्त ॲसिडं थोडी असतात, ती आधी गोठतात. बाटली कोमट पाण्यात ठेवा, तेल निवळतं. तेल खवट झालं असेल तर मात्र ते कशानंही सुधारत नाही.

घाण्याचं तेल, म्हणून पळीनं

लाकडी घाण्याचं तेल रिफाइंड नसतं. त्यात ई जीवनसत्त्व आणि सुवास जास्त टिकतो, हा फायदा खरा. पण फॅटी ॲसिडं तीच असतात, आणि ग्रॅमला ९ कॅलरी याही तेवढ्याच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटाला तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलेलं आहे. चार माणसांच्या घरात ते महिन्याला सव्वातीन किलोच्या आसपास जातं. १५ किलोचा डबा चार माणसांत दोन महिन्यांत संपत असेल तर जास्तीचं तेल कुठं जातं ते शोधायला हवं. पिशवीवर लिटर आणि डब्यावर किलो लिहिलेले असतात, त्यात गोंधळू नका: एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम.

घाण्यावर जाताना शेंगदाणे स्वतः बघून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशी धरलेले दाणे आधी निवडून टाका, कारण बुरशीचं अफ्लाटॉक्सिन गाळलेल्या तेलातही थोडं उतरू शकतं. तेल महिना-दीड महिना पुरेल एवढंच काढा आणि शेगडीजवळ ठेवू नका.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरणं ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. तळताना पदार्थातल्या पाण्यानं तेल फुटतं, मोकळी फॅटी ॲसिडं वाढतात आणि तेल लवकर धुरायला लागतं. शिवाय द्विबंधांवर हवेतला ऑक्सिजन चढतो. दोन द्विबंधांचं लिनोलेइक ॲसिड एकाच द्विबंधाच्या ओलेइकपेक्षा कितीतरी पट वेगानं बिघडतं, म्हणून सूर्यफूल किंवा करडईपेक्षा शेंगतेल तळणीला जास्त टिकतं. छोट्या कढईत कमी तेल घ्या, आच मध्यम ठेवा, निवल्यावर गाळा आणि दोन दिवसांत फोडणीला संपवा. तेल काळपट, चिकट झालं, फेस विरत नसला तर टाकून द्या. जुन्या तेलात नवं ओतणं म्हणजे नासक्या दुधात ताजं दूध ओतणं. मिसळीच्या कटावरचा तवंग पळीनं बाजूला सारता येतो. एका मोठ्या चमच्यामागं १४ ग्रॅम तेल वाचतं.

जवस आणि कारळं एकच समजणं

ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही दोन्ही शरीराला लागणारी असंपृक्त फॅटी ॲसिडं. कोल्हापूरच्या ताटात ओमेगा-६ मुबलक आहे, कमी पडतं ते ओमेगा-३. शेंगतेलात ते जवळजवळ नसतंच, करडई-सूर्यफुलातही नाही. ‘ओमेगा-६ विषारी’ या प्रचाराला मात्र भुलू नका. साय-तुपाऐवजी ओमेगा-६ मधलं लिनोलेइक ॲसिड आलं तर एलडीएल खाली येतं. काढायचं काही नाही, ओमेगा-३ ची भर घालायची आहे.

इथं घरोघरी गफलत होते. कारळ्याची चटणी खाल्ली की ओमेगा-३ मिळालं असं समजतात. कारळ्याचं तेल लिनोलेइकचं, म्हणजे ओमेगा-६ चंच. ओमेगा-३ मधलं अल्फा-लिनोलेनिक ॲसिड जवसात आहे, १०० ग्रॅम दाण्यात सुमारे २२ ग्रॅम. एक मोठा चमचा जवसाची पूड, ७ ग्रॅम, यातून दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं आणि दिवसाची गरज तेवढीच आहे.

पण अख्खे दाणे गिळले तर कवच न फुटता तसेच बाहेर पडतात. मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, तडतड सुरू होईपर्यंत भाजा, करपवू नका. पूर्ण थंड होऊ द्या. गरम दळलं तर पूड तेलकट होऊन गोळा धरते. एका वेळी १०० ग्रॅमच दळा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवा आणि पंधरा दिवसांत संपवा. ऑइलपेंटसारखा वास आला तर ती पूड गेली. जवसाचं तेलही असंच लवकर बिघडतं, म्हणून त्यात तळू नये, फोडणीही देऊ नये.

शरीर जवसातल्या ॲसिडचा थोडाच भाग ईपीए आणि डीएचएत, म्हणजे माशांत मिळणाऱ्या ओमेगा-३ मध्ये, बदलतं. मासे खाणाऱ्यांनी घाट चढून येणारा बांगडा आणि तारली आठवड्यातून दोनदा घ्यावेत, तळून नव्हे, कालवण करून. माशाच्या तेलाची कॅप्सूल घेत असाल तर बाटलीच्या पुढच्या बाजूच्या ‘१००० मिलीग्रॅम’वर जाऊ नका, तो एकूण तेलाचा आकडा असतो. मागं ईपीए आणि डीएचए वेगळे लिहिलेले असतात, आणि साध्या कॅप्सूलमध्ये दोन्ही मिळून ३०० च्या आसपासच भरतात. ट्रायग्लिसराईडसाठी लागणारा डोस बराच मोठा असतो आणि त्यानं काहींच्या हृदयाची लय बिघडू शकते. तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

लेबलावरच्या ‘कोलेस्टेरॉल फ्री’ला अर्थ नाही, वनस्पतीच्या कुठल्याच खाद्यतेलात कोलेस्टेरॉल दखल घेण्याइतकं नसतं. जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवणं बंधनकारक आहे. पण ट्रान्स गेलं म्हणून खारी-बटर निर्धोक झाली नाहीत, त्यात आता पामचं संपृक्त असतं.

बदल केल्यावर आठ ते बारा आठवडे थांबून पुन्हा तपासा. लॅब तीच ठेवा, दहा-बारा तास उपाशी राहा, आणि आदल्या रात्री मटणाचं जेवण किंवा दारू नको. नाहीतर ट्रायग्लिसराईड फुगलेलंच दिसेल. आकडा ५०० च्या वर असेल तर मात्र बारा आठवडे वाट बघू नका. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.