कोकणात कोंबड्या पाळताय? जात नंतर, आधी खुराडं बघा

मुंबईहून गावाला परत आलेली पोरं हल्ली विचारतात ते एकच, कुठली जात घेऊ, गिरीराज की ग्रामप्रिया की कडकनाथ. माझं म्हणणं असं की जात नंतर बघू, आधी सांग खुराडं कुठे बांधतोयस, कारण आपल्याकडे वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस, आणि अंडी आटतात ती बरेचदा ओलीमुळे. आम्ही गुहागरकडचे, मागीलदारी कोंबड्या कायम असतात, त्यावरून लिहितोय.

खुराडं चिऱ्याच्या जोत्यावर घ्या, जमिनीपासून फूट-दोन फूट वर, लांब बाजू पूर्व-पश्चिम. पाऊस नैऋत्येकडून झोडतो, त्या अंगाला झावळ्यांची झड, म्हणजे पाऊस अडवायचा आडोसा, बांधायची आणि समोरची बाजू जाळीची मोकळी ठेवायची. बरेच जण जून आला की सगळंच प्लास्टिकने गुंडाळतात, मग वारा बंद, विष्ठेचा अमोनिया साचतो, सकाळी दार उघडलं की आपलेच डोळे चुरचुरतात तर त्यांचं काय होत असेल! एका कोंबडीला आत दोन चौरस फूट जागा, बसायला दांडी, चार-पाच जणींमागे अंड्यासाठी एक खोका, तोही अंधाऱ्या कोपऱ्यात. जाळी वेल्डमेशची, बारीक भोकाची घ्या, बाजारातली ती पातळ सहाकोनी जाळी कुत्रं फाडतं आणि मुंगूस तर काय, त्याला फट पुरते.

खाली भाताचं तूस तीन-चार इंच. रोज मूठभर उचलून दाबून बघायचं, हात उघडल्यावर सुटलं तर ठीक, गोळा राहिला तर ओल धरलीय, तेवढा भाग काढून चुना भुरभुरायचा नि सुकं तूस टाकायचं.

आता खाणं. आपल्याकडे कोंबडीला कणी आणि उरलेला भात टाकला की झालं असं समजतात, पण तांदळात प्रथिनं सात-आठ टक्के, आणि अंड्यावरच्या कोंबडीला खाद्यात सोळा-सतरा टक्के तरी लागतात, मग ती नुसती चरबी धरते. कोंडलेली कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबडीचं तयार खाद्य, खाते, दिवसभर आवारात वाळवी-किडे टिपणारीला त्याच्या निम्मं संध्याकाळी दिलं तरी चालतं. खुराड्यात शिरताना गळ्याखालची पिशवी चाचपून बघा, भरलेली लागायला हवी. सुक्या मासळीची कुटी थोडीशीच मिसळा, जास्त झाली तर अंड्याला वास मारतो, आणि खारवलेली असेल तर कोंबड्या पाणी पिऊन पिऊन पातळ हगतात की खालचं तूस परत ओलं. खाद्याची गोणी पावसाळ्यात फळीवर ठेवा आणि लागेल तेवढीच आणा, बुरशी आलेलं खाद्य फुकट गेलं तरी चालेल पण घालू नका.

कवच पातळ येतंय म्हणून दुकानातून पावडर आणणारे बघितले की मला हसू येतं, अरे तिसऱ्या (खाडीतले शिंपले) खाऊन शिंपलं उकिरड्यावर टाकता ना? तीच धुवून, भाजून, ज्वारीच्या दाण्याएवढी जाडसर कुटायची आणि वेगळ्या वाटीत ठेवायची, जिला हवं ती खाते. अंड्याचं कवच बनायला वीसेक तास लागतात आणि त्यातलं बरंचसं काम रात्री चालतं, म्हणून संध्याकाळी वाटी भरलेली हवी, आणि जाडसर अशासाठी की ते पोटात हळूहळू विरघळतं. तलंगांना, म्हणजे अजून अंडी न दिलेल्या तरण्या कोंबड्यांना, मात्र अंड्यावर येईपर्यंत लेअर मॅश नको, जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही.

डिसेंबरात दिवस अकरा तासांचा होतो आणि कोंबडीला अंडी द्यायला उजेड लागतो चौदा-सोळा तास. पहाटे बारीक बल्ब लावा, रात्री नको, अचानक अंधार झाला तर त्या दांडीवर चढायच्या राहतात.

जातीचं म्हणाल तर गावठी वर्षाला पन्नास-साठच अंडी देते पण खुडूक बसते, पिल्लं काढते, ग्रामप्रिया अंडी भरपूर देते पण उबवायचं नाव घेत नाही, म्हणून दोन्ही ठेवा. मानमोडी (राणीखेत) रोगासाठी लासोटाची लस पहिल्या आठवड्यातच, पुढचं पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

पिल्लं फेब्रुवारीत आणा, पावसाआधी अंगाने भरतात. मग पहिली बारकी अंडी येतात नेमकी श्रावणात, तेव्हा गिऱ्हाईक नसतं, पण नवरात्र उलटेपर्यंत अंडी मोठी होतात आणि मागणीही सुरू होते.